यंत्राच्या दारांची नावे



आपल्या बीडच्या एस. टी. स्थानकावर कोणी "शिरूरला जायचे आहे" असे म्हणाला, तर ऐकणाराला शंका पडत नाही. तोच गृहस्थ पुण्याच्या स्थानकावर हेच वाक्य बोलला, तर त्याला घोडनदीच्या शिरूरची गाडी दाखवतील; लातूरला बोलला, तर शिरूर अनंतपाळची. म्हणून परगावी आपण आवर्जून 'शिरूर कासार' म्हणतो. आष्टीची गतही तीच. एक आष्टी आपल्या जिल्ह्यात, दुसरी वर्ध्याच्या. आणि दोन्ही तालुक्यांची ठिकाणे. उलट, एकाच गावाला दोन नावे असल्याचे उदाहरण पाहायचे तर अंबाजोगाईला जावे. निजामी अमदानीतील कागदांत तिचे नाव मोमिनाबाद. खुद्द आपल्या बीडला इंग्रजी गॅझेटियरांत 'भीर' म्हटलेले आढळते, आणि आख्यायिका तर त्याला चंपावतीनगर म्हणते.

एका नावाची अनेक गावे आणि एका गावाची अनेक नावे, ह्या दोन्ही अडचणी आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. कारण माणूस बोलणाराच्या तोंडाकडे पाहून, त्याच्या पिशवीकडे पाहून, कोणते शिरूर ते ताडतो. यंत्राला हे ताडणे नाही. त्याला जे नाव सांगावे तेच ते घेते. ते नाव उद्या दुसऱ्याच वस्तूला चिकटले, तर यंत्र निमूटपणे त्या दुसऱ्या वस्तूकडे जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका लहानशा नावाचा इतिहास हा आहे. संगणकाला जाळ्याशी, म्हणजे नेटवर्कशी, जोडणारे जे दार असते, त्याला नाव काय द्यावे आणि ते स्थिर कसे ठेवावे, ह्या प्रश्नाशी लिनक्स नावाच्या प्रणालीचे कर्ते वीस-पंचवीस वर्षे झुंजले. त्या झुंजीतून जे निष्पन्न झाले, ते संगणकाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही उपयोगी आहे, अशी माझी समजूत आहे.

प्रथम दार म्हणजे काय, ते सांगतो. संगणकाच्या पाठीमागे जी केबल खोचतात, ती नेटवर्क कार्ड नावाच्या एका पट्टीत जाते. घरच्या संगणकाला असे एकच दार असते. परंतु बँकेत, इस्पितळात, कचेरीत जे मोठे यंत्र सर्वांची कामे पाहते, त्याला दोन, चार, कधी आठही दारे असतात. एक दार आतल्या मंडळींसाठी, एक बाहेरच्या जगाकडे उघडणारे. वाड्याला दिंडीदरवाजा आणि परसदार असावे, तसेच हे. बाहेरच्या दारावर पहारा बसवतात, त्याला फायरवॉल म्हणतात. आतल्या दारावर तितकी कडक चौकशी नसते. आता हा पहारेकरी आंधळा आहे, हे ध्यानात घ्या. त्याला "अमुक नावाच्या दारावर उभा राहा" एवढेच सांगितलेले असते. रात्रीतून दोन दारांची नावे अदलाबदल झाली, तर तो इमानेइतबारे परसदारावर पहारा करील आणि दिंडीदरवाजा सताड उघडा राहील. नावाच्या स्थैर्याचा प्रश्न हा असा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता इतिहासाकडे वळू. केबलने संगणक जोडण्याची इथरनेट ही पद्धत १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ह्यांनी सिद्ध केली. 'इथर' हे नाव त्यांनी जुन्या पदार्थविज्ञानातून उचलले. प्रकाशाला वाहून नेणारे एक सर्वव्यापी द्रव्य असते, असे एके काळी शास्त्रज्ञ मानीत; मायकेलसन आणि मॉर्ले ह्यांच्या १८८७ च्या प्रयोगानंतर तो समज हळूहळू मोडीत निघाला. जी वस्तू नाहीच तिचे नाव ह्या जाळ्याला मिळाले आणि ते जगभर रूढही झाले. नाव आणि वस्तू ह्यांचा संबंध आपण मानतो तितका घट्ट नसतो, हे येथेच दिसून येते.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. आज जगातील बहुसंख्य मोठी यंत्रे ह्या प्रणालीवर चालतात, आणि आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या खिशातही तिचाच गाभा आहे. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनक्सच्या आधी बीएसडी ह्या प्रणालीत कार्डाचे नाव त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हरवरून, म्हणजे पर्यायाने कार्डाच्या बनावटीवरून, ठेवीत. आपल्याकडे आडनावावरून माणसाला हाक मारतात, त्यातलाच प्रकार. लिनक्सने हा भेद ठेवला नाही. कार्ड कोणत्याही कंपनीचे असो, इथरनेटमधील 'इथ' एवढा भाग घ्यायचा आणि पुढे क्रमांक लावायचा. जे कार्ड कर्नलला प्रथम दिसेल ते इथ०, त्यानंतरचे इथ१, मग इथ२.

ही पद्धत आपल्या आठवडी बाजारासारखी आहे. जो विक्रेता पहाटे आधी येतो, त्याची पाल पहिली. बाजारात एकच विक्रेता असेल, तर तोच दरवेळी पहिला, वाद नाही. आरंभीच्या काळात बहुतेक यंत्रांना एकच कार्ड असे, त्यामुळे इथ० हे नाव पक्के वाटले. वास्तविक ते पक्के नव्हते. त्याची परीक्षा झाली नव्हती, इतकेच.

परीक्षा पुढे झाली. कार्डे वाढली. यंत्र चालू असतानाच नवे कार्ड लावण्याची सोय आली. आणि यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून कर्नल एकेका वस्तूची ओळीने विचारपूस न करता अनेकांची एकाच वेळी करू लागला. मग आज हे कार्ड आधी तयार होई, उद्या ते. असे समजा, की एखाद्या पतपेढीत शनिवारी रात्री वीज गेली आणि रविवारी यंत्र पुन्हा सुरू झाले. कोणी काही बदललेले नाही, कोणाची चूक नाही. परंतु काल जे इथ० होते ते आज इथ१ झाले. सोमवारी खातेदार रांगेत उभे, आतले संगणक मुख्य यंत्राशी बोलत नाहीत, आणि केबल तर जागच्या जागी दिसते. अशा वेळी बिचाऱ्या तंत्रज्ञावर खापर फुटते. दोष त्याचा नसतो. आगमनाच्या क्रमावर टांगलेल्या नावावर आपण विश्वास ठेवला, हा दोष.

ह्यावर पहिला उपाय निघाला तो असा, की नाव क्रमावर नव्हे, तर देहावरील खुणेवर टांगावे. प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक कोरलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्याचा पूर्वार्ध कंपनीचा, उत्तरार्ध त्या कार्डाचा. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनी यूडेव्ह नावाची व्यवस्था पुढे आणली. यंत्रातील वस्तूंना नावे देण्याचे काम तिने कर्नलच्या बाहेर, नियमांच्या कागदावर आणले. पुढे त्या नियमांत एक नोंदवही आली: अमुक मॅक पत्त्याचे कार्ड म्हणजे इथ०, तमुक म्हणजे इथ१. एकदा नोंद झाली की कार्ड केव्हाही येवो, त्याचे नाव ठरलेले.

आपल्या देशात माणसांच्या बाबतीत हाच मार्ग थोडा पुढे अवलंबिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. नावे सारखी असोत, गाव बदलो. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे ह्यांवरून माणूस तोच ठरावा, ही कल्पना.

देहाच्या खुणेवर टांगलेल्या नावाचे गुण उघड आहेत. परंतु दोषही लवकरच दिसले. एक, कार्ड जळाले आणि त्याच जागी नवे बसवले, की मॅक पत्ता नवा. नोंदवही म्हणे, "हा पाहुणा अनोळखी आहे, इथ० तर मागच्याच्या नावे लावलेले आहे." मग नव्याला इथ१ म्हणायचे. काम तेच, जागा तीच, केबल तीच, आणि नाव मात्र दुसरे! दोन, एका यंत्राची हुबेहूब नक्कल करून दहा यंत्रे उभी करण्याचा प्रघात ह्याच काळात वाढला. नकलेबरोबर जुन्या यंत्राची नोंदवहीही येई, आणि तिच्यातील एकही खूण नव्याला जुळत नसे. तीन, अदलाबदलीचा घोटाळा. उजव्या कार्डाच्या नावे इथ० नोंदलेले असावे आणि कर्नलने ह्या खेपेला डाव्याला आधी पाहून त्यालाच इथ० म्हणून टाकावे. नोंदवही उजव्याला इथ० म्हणू जाते, तो ते नाव आधीच घेतलेले! कर्नल आणि नोंदवही, दोघेही एकाच पिशवीतून नावे काढीत होते. तेव्हा कधी ना कधी हात एकमेकांवर पडणारच.

तेव्हा तिसरा विचार पुढे आला: नाव क्रमावर नको, देहावरही नको, ते जागेवर टांगावे.

येथे मला एका मराठी माणसाची आठवण करून द्यायची आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातील कवी. आपल्या देशातील टपालाची अडचण त्यांच्यापुढे होती ती आपण आरंभी पाहिलेलीच: एका नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि लिप्या, पत्ते अपुरे आणि अशुद्ध. त्यांनी गावाच्या नावाला हात लावला नाही; त्याच्या शेजारी जागेचा एक अंक ठेवला. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला सहा आकडी पिनकोड तो हाच. आपल्या बीडचा ४३११२२ घ्या. पहिला ४ हा पश्चिमेकडील विभाग सांगतो, ४३१ ही पत्रे निवडण्याच्या केंद्राची खूण, आणि शेवटचे तीन आकडे टपालकचेरीचे. अंबाजोगाईचा ४३१५१७ ह्याच कुळातला. आष्टीचा मात्र ४१४२०३. आष्टी आपल्या जिल्ह्यात असून तिचे पहिले तीन आकडे अहिल्यानगरचे; कारण हा अंक महसुली जिल्ह्याला बांधलेला नसून टपालाच्या वाटेला बांधलेला आहे. म्हणूनच २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी पत्रे निवडणाराचे काही अडले नाही. नाव बदलले, जागा आणि तिचा अंक तेच राहिले.

लिनक्सच्या बाबतीत ह्या दिशेने पहिले ठळक पाऊल डेल कंपनीच्या अभियंत्यांनी टाकले. त्यांच्या बायोसडेव्हनेम ह्या व्यवस्थेने मुख्य पट्टीवरच बसवलेल्या दारांना ईएम१, ईएम२ अशी नावे दिली आणि जोडकार्डांना त्यांच्या खाचेच्या क्रमांकावरून. यंत्राच्या पाठीवर दाराखाली जो आकडा छापलेला असतो, तोच आत दिसावा, हा त्यातला साधा आणि शहाणपणाचा हेतू. २०११ च्या फेडोरा १५ मध्ये ती आली. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडी ह्या व्यवस्थेच्या १९७ व्या आवृत्तीने जागेवरून नाव देण्याची पद्धत सर्वांसाठी खुली केली. तिचा क्रम असा. मुख्य पट्टीवरील दार असेल आणि यंत्राने त्याचा क्रमांक सांगितला असेल, तर ईएनओ१. खाचेतील कार्ड असेल आणि खाचेचा क्रमांक कळत असेल, तर ईएनएस१. तेही कळत नसेल, तर यंत्रातील वाटेवरून: ईएनपी२एस०, म्हणजे दुसऱ्या मार्गावरील शून्य क्रमांकाचे घर. मॅक पत्त्यावरून ईएनएक्स अशी नावे देण्याचीही तजवीज होती. परंतु ती एरवी वापरायची नाही. 'इथ' हे जुने अक्षर मुद्दाम सोडले, म्हणजे कर्नल आणि नियम एकाच पिशवीत हात घालणार नाहीत.

एस. टी. स्थानकावरील फलाटाची ही रीत आहे. गाडी कोणतीही लागो, फलाटाचा क्रमांक तोच. जळालेले कार्ड काढून त्याच खाचेत दुसरे बसवले, तरी दाराचे नाव पूर्वीचेच. पहारेकरी आपल्या जागी उभा.

ह्या बदलाचे स्वागत झाले, असे मात्र समजू नका. दोन दशके इथ० म्हणण्याची सवय जडलेल्या लोकांना ईएनपी२एस० हे नाव जिभेला जड वाटले. ज्यांच्या यंत्राला एकच दार होते, ते म्हणाले, "आमचे काय बिघडले होते?" आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कित्येकांनी यंत्र सुरू करतानाच नवी पद्धत बंद करण्याची आज्ञा लिहून ठेवली. तरीही रेड हॅटने २०१४ मध्ये आणि डेबियनने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ती स्वीकारली, आणि ती रूढ झाली.

पण जागा तरी कायमची असते काय? आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न कोणी शिकवायला नको. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी आपल्याकडची हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शिधापत्रिका गावच्या दुकानाला बांधलेली, आणि माणूस सहा महिने फडावर! नाव जागेवर टांगले की जो जागा सोडतो त्याचे हाल होतात. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने देशात कोणत्याही दुकानी धान्य घेण्याची सोय झाली, ती आधारच्या खुणेमुळे. आणि त्या सोयीतही कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्राला उमटत नाही, ही नवी अडचण आहेच.

यंत्रातही हेच घडले. जी कार्डे यूएसबीच्या वायरीने जोडतात, ती आज ह्या खाचेत, उद्या त्या खाचेत. त्यांच्या बाबतीत जागेवरून दिलेले नाव टिकत नाही. डेबियनने त्यांच्यासाठी देहाच्या खुणेवरूनच नाव देण्याची वाट ठेवली. जागी बसलेल्यांना जागेचे नाव, फिरत्याला देहाचे. शिवाय एखाद्या यंत्रात नवेच कार्ड घातले, तर आतल्या मार्गांचे क्रमांक सरकतात आणि कालचे ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होते. आणखी एक गंमत म्हणजे, नावे देण्याचे नियम जसजसे सुधारत गेले, तसतशी ती सुधारणाच नावे बदलू लागली! म्हणून २०१८ च्या अखेरीस सिस्टमडीने नियमांनाच आवृत्ती दिली. "माझ्या यंत्राला अमुक सालचे नियम लावा" असे मालकाला सांगता येऊ लागले. खरडा सुधारला, तरी जुन्या दस्ताचा अर्थ जुन्या खरड्यानेच लावायचा, हा आपल्याकडील वकिलांचा बाणा येथे उपयोगी पडला.

शेवटचे पाऊल २०२० च्या जानेवारीतले. लिनक्स कर्नलच्या ५.५ ह्या आवृत्तीत एकाच दाराला मुख्य नावाखेरीज आणखी नावे ठेवण्याची मुभा आली. पूर्वी पंधरा अक्षरांत नाव संपवावे लागे. ही जादा नावे सव्वाशे अक्षरांपर्यंत लांब असू शकतात. म्हणजे यंत्राला अखेर आपला 'उर्फ' सापडला. अंबाजोगाई उर्फ मोमिनाबाद: कागद जुना असो वा नवा, गाव एकच, आणि दोन्ही कागद खरे. एक नाव खोडून दुसरे लिहिण्यापेक्षा दोन्ही नावे शेजारी ठेवणे हे शहाणपण आपल्या तलाठ्याला कर्नलच्या कर्त्यांपेक्षा पुष्कळ आधी ठाऊक होते.

ह्या सगळ्या इतिहासाचे तात्पर्य काय? काही जण म्हणतील, की तीन पद्धती झाल्या आणि तिन्ही फसल्या. मला तसे वाटत नाही. नाव ज्या खुंटीवर टांगावे, तेवढेच ते स्थिर राहते. क्रमाची खुंटी क्रम बदलला की हलते, देहाची खुंटी देह बदलला की, आणि जागेची खुंटी जागा बदलली की. कधीच न हलणारी खुंटी कोणी शोधून काढली नाही. म्हणून विचारायचा प्रश्न "सर्वांत चांगले नाव कोणते?" हा नव्हे. "माझ्या कामात काय बदलणार आहे आणि काय तसेच राहायला हवे?" हा प्रश्न विचारला पाहिजे. कार्ड बदलणार, पण खाच तीच राहणार, तर खाचेवरून नाव द्या. खाच बदलणार, पण वस्तू तीच राहणार, तर वस्तूवरून द्या. आणि दार कोणत्या कामाचे आहे हे जर महत्त्वाचे असेल, तर तुम्ही स्वतःच त्याला 'आतले' आणि 'बाहेरचे' अशा अर्थाचे नाव द्या. तशी सोयही लिनक्समध्ये आहे; एका लहानशा कागदावर खूण आणि नाव लिहून ठेवले की पुरते. फक्त त्या नावाला 'इथ' हे अक्षर लावू नका; ती पिशवी कर्नलची आहे.

येथे जमलेल्यांपैकी कोणी पतसंस्थेचे संचालक असतील, कोणी शाळेचे मुख्याध्यापक, कोणी दवाखाना चालवीत असतील. तुम्हांला कर्नल कळण्याची गरज नाही. परंतु तुमचे यंत्र पाहणाऱ्या माणसाला एकदा एवढे अवश्य विचारा: "बाबा रे, आमच्या बाहेरच्या दाराचे नाव कशावर टांगलेले आहे, आणि कार्ड बदलले तर ते हलेल काय?" उत्तर मिळाले, की ते यंत्राशेजारच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. त्याला लगेच उत्तर देता आले, तर पहारेकरी योग्य दारावर आहे असे समजा. तो घुटमळला, तर पुढची वीज जाण्याची वाट न पाहता त्याच्यापुढे चहाचा कप ठेवा आणि दोघे मिळून ते आजच पाहून घ्या.